बॉबिनवरचा अंगठा

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून शिलाई मशिनच्या गोष्टी हव्या होत्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. उल्हासनगरात कॅम्प पाचला माझं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि जीन्स शिवणाऱ्या निम्म्या कारखान्यांत माझा पाना फिरलेला होता. पण मी म्हटलं, बाई, मशिनच्या गोष्टी कुणीही सांगेल, मी तुम्हाला मासे पकडायच्या रिळांच्या सांगतो. त्या म्हणाल्या, अहो जाधव, उल्हासनगरला समुद्र कुठे आहे? नाहीच आहे. म्हणून तर सांगायचंय.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पोटासाठी विठ्ठलवाडीला आलो, खोली घेतली आणि मशिनच्या कामात रुळलो. माशाशी माझा संबंध ताटापुरता, तोही बायकोच्या मेहेरबानीने. माझ्या दुकानाला लागून हशूभाई नावाच्या सिंधी माणसाचं दुकान होतं. बोटीवरून उतरलेला जुना माल तो विकायचा. टेप, पंखे, दुर्बिणी, एकदा तर बोटीवरची घंटासुद्धा आली होती. कुठल्याही वस्तूचं काय करायचं हे ठाऊक नसताना ती विकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एके दिवशी त्याने एक खोकं माझ्या टेबलावर आणून आदळलं. आत जाडजूड, दोन्हीकडे काळ्या तबकड्यांची, मधे बॉबिन असलेली यंत्रं. एका बाजूला हँडल, हँडलमागे चांदणीच्या आकाराचं चाक, वर एक छोटी कळ. मिठाने पांढरी पडलेली. हशूभाई म्हणाला, "जाधव साईं, ये धागा भरने का मशीन है. तुम्हारी लाइन का है."

मलाही ते पटलं. बॉबिन दिसली की शिलाईवाल्याला दुसरं काय सुचणार? मी एक यंत्र साफ केलं, टेबलाला आवळलं, भरतकामाचा दोरा लावला आणि हँडल फिरवलं. एका फेऱ्यात बॉबिन भराभर फिरली, दोरा झकास भरला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खूश झालो. त्यातली दोन यंत्रं हशूभाईने चार नंबर कॅम्पातल्या एका भरतकामवाल्याला विकलीसुद्धा. त्या माणसाने पुढे कित्येक वर्षं त्यावर दोरा भरला आणि एकदाही तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत तोच सुखी राहिला.

खरा प्रकार कळला तो गुप्तेसाहेबांमुळे. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते अधिकारी होते. बायकोच्या मशिनचा पट्टा घ्यायला आले आणि टेबलावरचं यंत्र बघून तिथेच थबकले. म्हणाले, अहो, हे समुद्रावरचं रीळ आहे. रॉडला लावतात, यात नायलॉनची दोरी भरतात, टोकाला गळ आणि शिसं बांधतात आणि खडकावर उभं राहून लांब फेकतात. सुट्टी मिळाली की ते रेवदंड्याला जात आणि हाताने दोरी भिरकावून मासे धरत. असं रीळ त्यांनी फक्त चित्रात पाहिलं होतं. हशूभाई शेजारून ऐकत होता. मासळीला कधी हात न लावलेला तो माणूस पुढच्या मिनिटाला गुप्तेसाहेबांना सुरमईच्या गोष्टी सांगायला लागला.

मग बातमी पसरली. अंबरनाथ, बदलापूर इथे कोकणातून आलेली माणसं काही थोडी नव्हती. कारखान्यात कामाला, पण जीव गावच्या खाडीत. ती माणसं हशूभाईकडे यायला लागली आणि रिळं साफ करायचं काम माझ्याकडे आलं.

आता विक्रीची एक रीत सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. हशूभाई गिऱ्हाइकासमोर रीळ धरायचा, कळ दाबून बॉबिन मोकळी करायचा आणि बोटाने टिचकी मारायचा. बॉबिन गरगर फिरत राहायची. तो काही बोलायचा नाही, नुसता बघत बसायचा. गिऱ्हाईकही बघत बसायचं. बॉबिन जितका वेळ फिरेल तितकं रीळ भारी. पंखा घ्यायला गेलं की आपण हाताने पातं फिरवून बघतो ना, तसंच. आणि फिरवण्यात मी कसली कसर सोडतोय? मी आतलं जुनं, मधासारखं घट्ट ग्रीस पुसून काढलं, बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली आणि शिलाई मशिनचं पातळ तेल घातलं. अशी फिरायला लागली बॉबिन की चहा सांगावा, चहा यावा, तरी फिरतेच आहे. जाधव मिस्त्रीचा हात लागलेलं रीळ थांबत नाही असं लोक म्हणू लागले आणि मी कॉलर ताठ करून हिंडू लागलो.

रीळ नेल्यावर पंधरवड्याने गुप्तेसाहेब दुकानात आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून त्यांनी रीळ काढलं. रीळ कसलं, नायलॉनचा नुसता झुबका. कुठे सुरुवात, कुठे शेवट, देवालाच माहीत. त्यांच्यामागोमाग आणखी दोघे तसेच झुबके घेऊन आले. मी भडकलोच. म्हटलं, माझ्या कामात खोट काढू नका, तुम्हाला फेकता येत नाही. गुप्तेसाहेब भांडले नाहीत. स्टूल ओढून बसले, माझ्याकडची एक जाड सुई मागून घेतली आणि एकेक फास सोडवू लागले. दुपारभर बसले. मधेच म्हणाले, "जाधव, गंमत बघा. वरचे फास सैल आहेत आणि खालचे त्यांच्यात अडकलेत. दोरी बाहेर जायच्या आधीच बॉबिनने ती सोडून दिलीय."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मशिनवाल्याला हे समजायला हवंच होतं. कारखान्यातल्या जलद मशिनच्या बॉबिन केसमध्ये तळाशी एक बारीक पत्ती असते. मशीन अचानक थांबलं तर बॉबिनही थांबावी, नुसती फिरत राहून दोरा ओकू नये, म्हणून ती पत्ती बॉबिनला हलकेच अडवून धरते. पत्ती निघाली की आत दोऱ्याचा गोळा होतो. मी आयुष्यभर लोकांना त्या पत्त्या बसवून देत होतो आणि इथे स्वतःच्या हाताने रिळाचा सगळा अडसर धुऊन टाकला होता.

ज्यांनी असं रीळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं समजावतो. हल्ली जी रिळं मिळतात त्यांत बॉबिन जागेवर उभी असते, दोरी नुसती तिच्यावरून निसटत जाते. ती कुणालाही फेकता येतात. ही जुनी रिळं तशी नव्हेत. यांत शिसं दोरी ओढतं आणि दोरी बॉबिनला फिरवते. शिसं हवेत निघालं की पहिल्यांदा जोरात असतं, पुढे मंदावतं. पण बॉबिनला एकदा वेग आला की ती ऐकत नाही. दोरी हळू जातेय आणि बॉबिन भरधाव फिरतेय असं झालं की झालाच गुंता. याला उपाय एकच, अंगठा. फेकताना अंगठा बॉबिनवर टेकलेला हवा. आधी घट्ट, मग कळ दाबून बॉबिन मोकळी करायची, मग रॉड एका दमात पुढे आणायचा. झटका द्यायचा नाही. शिसं सुटतं तेव्हा अंगठा उचलायचा नाही, फक्त हलका करायचा, मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका. आणि शिसं पाण्याला टेकतं त्या क्षणी दाबायचा. इतकंच. पण हे इतकंच जमायला माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक, पातळ तेल बंद. जरा जड तेल आणि बाजूचा स्क्रू थोडा आवळलेला. हशूभाईची टिचकी त्यामुळे लवकर थांबायला लागली, तो माझ्यावर आठवडाभर रुसला. दुसरी गोष्ट म्हणजे नियम. मी दुरुस्त केलेलं रीळ गिऱ्हाइकाला लगेच द्यायचं नाही. रविवारी सकाळी मैदानात यायचं, माझ्यासमोर गुंता न करता फेकून दाखवायचं, मग घेऊन जायचं.

ते रविवार आठवले की अजून हसू येतं. क्रिकेटवाले एका बाजूला आणि आम्ही एका बाजूला, रॉड घेऊन, कोरड्या मातीत. पुढे काथ्याची एक जुनी टोपली ठेवलेली, तिच्याकडे नेम धरायचा. येणारेजाणारे थांबायचे. मैदानात कसले मासे लागतात हा प्रश्न मला जितक्या लोकांनी विचारला तितक्या लोकांनी मशिनबद्दलसुद्धा कधी विचारलं नसेल. एका आजोबांना मी सांगितलं, इथे बोंबील छान लागतात, पण सुकेच. ते खरंच टोपलीत बघून आले. एकदा एका बँकवाल्याचं शिसं मागे जाऊन सामोशाच्या गाडीवरच्या कढईत पडलं. नशीब, गाडी अजून पेटवली नव्हती. तेव्हापासून रॉड मागे नेण्यापूर्वी मोठ्याने ‘मागे बघा’ ओरडायचा नियमही झाला. माझाही दर रविवारी गुंता व्हायचा. बोलणं सोपं असतं.

आणि मग मयेकर आला.

दत्ताराम मयेकर. देवगडकडचा, अंबरनाथला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला, बुवापाड्यात खोली. कमी बोलणारा, किरकोळ बांध्याचा. लहानपणापासून खडकावर उभा राहून गरवलेला माणूस, गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. त्याने रॉड हातात घेतला, बॉबिन अंगठ्याखाली दोनचार वेळा फिरवून बघितली, आणि टाकलं. ज्याला फेक म्हणतात ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बॉबिन एका सुरात गुणगुणत राहिली, सूर लांबत गेला, हळूहळू उतरला आणि शिसं टोपलीत टप्पकन पडलं. दोरीचा एक फास वर आला नाही. गुप्तेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे तो दर रविवारी यायचा, लोकांना शिकवायचा. त्याचा कान असा होता की तो मैदानाकडे पाठ करून बसायचा आणि नुसता बॉबिनचा आवाज ऐकून कुणी टाकलं, कुठवर गेलं, गुंता होणार की नाही, सगळं सांगायचा. माझ्याकडेही अशीच एक विद्या होती. या रिळांत दोरी परत गुंडाळताना ती अंगठ्याने डावीउजवीकडे सारखी पसरावी लागते, नाहीतर एका बाजूला डोंगर होतो आणि पुढच्या फेकीला तो कोसळून गुंता होतो. जो तो आपल्या सवयीने पसरवतो. दुकानात रीळ आलं की मी वरची दोरी बघून सांगायचो, हे गुप्त्यांचं, हे बँकवाल्याचं. अक्षर ओळखावं तसं ते ओळखू यायचं. मयेकरचं गुंडाळणं तर असं सपाट की त्यावर नाणं ठेवलं तर हलायचं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला मयेकर मैदानात यायचा बंद झाला. आधी वाटलं गावी गेला असेल. मग त्याच्या कारखान्यातल्या एकाने सांगितलं, प्रेसमध्ये हात सापडला. उजवा अंगठा गेला, मुळापासून.

मी भेटायला गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी काहीबाही बोललो, त्याने हूं केलं. चहा आला तर डाव्या हाताने कप धरला आणि तसाच निवू दिला. परत येताना मला इतकं वाईट वाटलं की मी विठ्ठलवाडीला न उतरता पुढे कल्याणपर्यंत गेलो आणि मग उलट आलो.

महिन्याभराने त्याची बायको दुकानात आली. सुनंदा वहिनी. घरी बसून ब्लाउज शिवायच्या, म्हणून त्यांचं मशीन माझ्या ओळखीचं होतं. पण त्या दिवशी पिशवीतून मयेकरचं रीळ निघालं. म्हणाल्या, विकून टाक म्हणालेत. कंपनीने स्टोअरमधलं हलकं काम देऊ केलंय, तिकडे जात नाहीत. गावी जाऊया म्हटलं तर तेही नको. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास. मग त्यांचा आवाज बदलला. "भावजी, हे मी विकणार नाही. तुम्ही एवढी मशिनं दुरुस्त करता. हे रीळ बिनअंगठ्याचं चालेल असं करून द्या. हे हातात आलं तरच ते उठतील, नाहीतर नाही उठायचे."

मी हो म्हणून बसलो. माझा स्वभावच तसा, जमेल का नाही हे नंतर बघायचं. आधी बॉबिनला चामड्याचा ब्रेक केला, त्यामागे मशिनच्या दाबपट्टीची स्प्रिंग. गुंता होईना, पण शिसंही पुढे जाईना, पायाशी पडायचं. स्प्रिंग सैल केली की परत झुबका. तेव्हा मला समजलं की अंगठा एका फेकीत तीन तऱ्हेने दाबत असतो आणि स्प्रिंगला एकच तऱ्हा ठाऊक असते. मग तर्जनीने दाबता येईल का पाहिलं. बोट आडवं येतं, जोर लागत नाही आणि कातडी भाजते. मग चामड्याचा अंगठाच शिवला, मनगटाला बांधायचा. तो इतका बेढब झाला की मयेकरला दाखवायचं धाडस मला झालं नाही. हशूभाई रोज डोकावायचा आणि जिभेने च्च च्च करून जायचा. एरवी कुठलीही वस्तू खपवणाऱ्या त्या माणसाने हे रीळ विकायची गोष्ट मात्र एकदाही काढली नाही.

वहिनी आठवड्याला चौकशीला यायच्या. एकदा मी वैतागून रीळ बाजूला सारलं आणि म्हटलं, उजव्या अंगठ्याशिवाय हे होणार नाही, माझ्याच्याने नाही. त्या समोर ठेवलेल्या मशिनकडे बघत होत्या. म्हणाल्या, "शिवताना कापड सांभाळतो तो डावाच हात ना, भावजी? उजवा नुसता पुढे सरकवतो."

मी तिथल्या तिथे उठलो. रॉडवर रीळ वर असतं, उजव्या हाताशी. डावा हात खाली बुडखा धरतो. ते रीळच खाली सरकवलं, बुडख्याजवळ, डाव्या हातात, तर? बॉबिनवर डावा अंगठा. उजव्या हाताने वर नुसता रेटा द्यायचा, त्याला चार बोटं पुरेत. मी क्लॅम्प बनवले, रीळ खाली बसवलं. हँडलचा गोळा काढून तिथे लाकडाची आडवी मूठ लावली, चार बोटांत मावेल अशी. गुंडाळताना बुडखा मांड्यांमध्ये धरायचा, दिसतं विचित्र, पण होतं. रविवारी मैदानात जाऊन टाकून बघितलं. माझा गुंता झाला, पण तो माझा गुंता होता, रिळाचा नव्हता. एवढा फरक मला तोवर कळायला लागला होता.

रीळ तयार झालं आणि मयेकर काही येईना. निरोप धाडला, स्वतः गेलो, गुप्तेसाहेब जाऊन आले. तो म्हणायचा, डाव्या हाताने माणूस भाकरी मोडतो, फेक नाही टाकत. वर आणखी म्हणायचा, होतच नाही ते, मिस्त्री, उगाच माझं मन राखू नका.

मग पुढच्या रविवारी मैदानात वहिनी आल्या. पदर खोचलेला. उजव्या अंगठ्याला तळहातासकट फडकं गुंडाळून घट्ट बांधलेलं, अंगठा हलूच नये असं. म्हणाल्या, होतं की नाही ते मी बघते, मला शिकवा. क्रिकेटवाल्यांचा खेळ थांबला. पहिल्या दिवशी इतके गुंते झाले की आम्ही तिघं सुया घेऊन बसलो. पण ती बाई आयुष्यभर बॉबिनशी बोललेली. दोरा कधी सैल पडतो ते हाताला आधी कळायचं. पावसाळा जाऊन दसरा आला तोवर त्यांचा गुंता होणं बंद झालं होतं. फेक टोपलीच्या पलीकडे जायची. खोड एकच राहिली. गुंडाळताना दोरी उजवीकडे चढायची, तिथे डोंगर व्हायचा. मी दर वेळी बोलायचो, त्या दर वेळी हो म्हणायच्या, आणि डोंगर व्हायचाच.

एका रविवारी त्या म्हणाल्या, आज मैदान नको, बुवापाड्यात या.

त्यांच्या चाळीपुढे बऱ्यापैकी मोकळी जागा होती. मी आणि गुप्तेसाहेब जाऊन उभे राहिलो. मयेकर आत, दार अर्धं उघडं. वहिनी रॉड घेऊन बाहेर आल्या, उजव्या हाताला फडकं बांधलेलं. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. वहिनींनी मोठ्याने ‘मागे बघा’ म्हटलं आणि टाकलं. काय सांगू, मैदानातल्या बँकवाल्यानेही कधी केला नव्हता असा झुबका झाला. शिसं पाच हातांवर पडलं आणि बॉबिनमधून दोरी फसफसून वर आली. माझं तोंड उघडंच राहिलं, कारण मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. डावा अंगठा त्यांनी सरळ वर उचलला होता.

आतून आवाज आला. चिडला की मयेकर गावच्या बोलीवर यायचा. "अगो, अंगठो कित्याक उचललंस?"

वहिनींनी वळूनही बघितलं नाही. उलट म्हणाल्या, हे असंच होतंय, होणारच नाही ते. आणि गुंत्याला हाताने ओढायला लागल्या. जो गुंता ओढतो तो संपला, हे गरवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मयेकर दाराबाहेर आला. पायात चप्पल नाही, दाढी वाढलेली. त्याने त्यांच्या हातातून रॉड काढून घेतला, जमिनीवर बसला आणि एकेक फास सोडवू लागला. चार बोटांच्या हाताने धरून, डाव्याने सोडवत. मी सुई पुढे केली ती त्याने घेतली. सगळं सुटल्यावर तो उभा राहिला, डावा अंगठा बॉबिनवर ठेवला, रॉड मागे नेला. गुप्तेसाहेबांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ दिसला.

पहिली फेक वाकडी गेली. दुसरी बरी. तिसरीला बॉबिन गुणगुणली. मयेकरने मान किंचित कलती केली, आपलाच आवाज ऐकत राहिला. नंतर तो अंधार पडेपर्यंत थांबायला तयार नव्हता, शेजारणींनी वाळत घातलेले कपडे काढून घेतले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही बदलापूरला उल्हास नदीवर गेलो, डबे घेऊन. मयेकर स्टोअरच्या कामावर रुजू झाला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. सकाळपासून त्याने टाकायचा सपाटा लावला आणि एक चांगला मोठा शिंगाळा धरला. माशापेक्षा तोच जास्त उड्या मारत होता. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, ही हट्टी हो, मिस्त्री, माझ्यासाठी शिकायला गेली, पण हिला काही जमलं नाही. अंगठा उचलते. मी मान डोलावली. वहिनी बाजूलाच कांदा चिरत होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मयेकर मासा धुवायला खाली पाण्यावर उतरला, आमच्याकडे पाठ करून बसला. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, हात पुसले, रॉड उचलला. आज फडकं नव्हतं. पाय रोवले आणि टाकलं. बॉबिन गुणगुणत राहिली, गुणगुणत राहिली, आणि शिसं मयेकरच्या सगळ्या फेकींच्या पुढे, पार पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्याशी जाऊन पडलं. एक फास वर नाही. मी ओरडणार होतो, त्यांनी डोळे वटारले. घाईघाईने दोरी गुंडाळली, रॉड होता तसा ठेवला आणि परत कांद्याला बसल्या. मयेकर मासा धूतच होता. बराच वेळ धूत होता.

आता दुकान मुलाने मोबाइलवाल्याला भाड्याने दिलंय. हशूभाई गेला, गुप्तेसाहेब गेले. ती रिळं कुणी आणत नाही, त्या जातीच्या नव्या रिळांत चुंबकाचा ब्रेक येतो म्हणतात, अंगठ्याला काम नाही. बरं आहे, पण मला त्याचं जरा वाईट वाटतं. मयेकर आणि वहिनी बदलापूरला राहतात, फोन असतो. हे लिहिण्याआधी मी वहिनींना विचारलं, नदीवरची गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, सांगा, इतकी वर्षं लपवली, आता कळू दे त्यांना. मी हो म्हटलं. पण एक गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली नाही, ती त्यांनी इथेच वाचावी.

नदीवरून आल्यानंतरच्या आठवड्यात मयेकर दुकानात आला. रीळ टेबलावर ठेवलं. मी सवयीने वरची दोरी पाहिली. उजवीकडे डोंगर.

तो म्हणाला, "हे माझं गुंडाळणं नव्हे."

"नाही," मी म्हटलं.

"मी मासा धूत होतो, मिस्त्री, बहिरा नव्हतो झालो. माझ्यापेक्षा लांब गेली." मग त्याने बजावलं, तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. चाळीपुढचा तो गुंताही आता त्याला कळला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम.

मी आपलं कामाचं बोललो. म्हटलं, आण इकडे, दोरी काढून सपाट गुंडाळून देतो. या डोंगरावरून टाकलंस तर गुंता होईल.

त्याने रीळ उचलून पिशवीत ठेवलं.

"होऊ दे," म्हणाला.